नव्याण्णव मेंढरं आणि एक निळा शर्ट

हरवलेली वस्तू म्हणून जगात काही नसतंच. चुकीच्या जागी पडलेली वस्तू असते आणि चुकीच्या पद्धतीने शोधणारा माणूस असतो. बस, संपला विषय!

हे वाक्य स्टेशनाच्या हरवले-सापडले कार्यालयातले मुख्य कारकून दिवसातून निदान चारदा छाती ठोकून म्हणत. त्यांच्या छातीला तो हक्क होता. अठरा वर्षं त्यांनी त्या तळघरात काढली होती. चष्म्यांची तीन कपाटं, छत्र्यांचं एक अख्खं रान, दोन कवळ्या, एक व्हायोलिन आणि एक लाकडी पाय (उजवा) एवढा संसार त्यांनी चिठ्ठ्या लावून, तारखा घालून, ओळीत उभा केला होता. कुणी रडत आलं की ते आधी फॉर्म पुढे सरकवत. रंग कोणता, आकार केवढा, ओळखीची खूण काय. माणूस अडखळला, छत्रीचा दांडा कसला होता ते त्याला आठवेना झालं, की मुख्य कारकून चष्म्यावरून बघत आणि थंडपणे विचारत, की आपण आपली छत्री कधी नीट बघितली आहे का?

तर मंडळी, अशा माणसाने एका शनिवारी दुपारी स्वतःचा मुलगा हरवला.

थांबा. सुरुवात चुकली. हरवला नाही, हरवायला लावला. नियम करून, कागदावर लिहून, खाली सही ठोकून.

*

मूळ कारण संडे स्कूलच्या बाई. या बाईंचं म्हणणं असं, की देवाची प्रीती मुलांना नुसती सांगून कळत नाही. ती हातात द्यावी लागते. म्हणून दर शनिवारी प्रत्येक घराने मुलांबरोबर एक उपक्रम करायचा आणि रविवारी चर्चमध्ये मुलाने उभं राहून तो वर्गाला सांगायचा. दंतवैद्याच्या घरच्यांनी पाव भाजले आणि आजाऱ्यांच्या दारात नेऊन ठेवले. टपालवाल्याच्या घरी सगळ्यांनी एकमेकांचे पाय धुतले, आजोबांचे सुद्धा, आणि आजोबा गुदगुल्यांनी खुर्चीवरून पडले. तरी उपक्रम फार गाजला.

मुख्य कारकुनांच्या घरची पाळी आली तेव्हा त्यांचा धाकटा, वय वर्षं पाच, उभा राहिला आणि स्वच्छ आवाजात म्हणाला, "पप्पा झोपले होते."

एवढं सांगून तो खाली बसला. मागच्या बाकावर पप्पा जागे होते, हे दुर्दैव.

तेव्हापासून आठवडाभर त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. मेंढपाळाची. शंभर मेंढरांतलं एक चुकतं, आणि मेंढपाळ बाकीची नव्याण्णव सोडून त्या एकाच्या मागे जातो. त्यांना वाटलं, ही गोष्ट आपल्यासाठीच राखून ठेवलेली आहे. पाव भाजणं दंतवैद्याला जमत असेल, पण शोधण्यात आपला हात कोण धरणार?

बायको दवाखान्यात क्ष-किरण विभागात होती. लोकांना ती आतून बघायची आणि नवऱ्याला बाहेरूनच ओळखून होती. शनिवारी ड्यूटीवर जाताना तिने सुचवलं, की गोष्ट सांगा, दूध-बिस्किटं द्या, पुरे झालं. पाच वाजता येते म्हणाली. मुख्य कारकुनांनी मान हलवली. ही मान लग्नापासून अशीच हलत आली होती आणि तिचा कशाशीही संबंध नव्हता.

*

"शंभर कुठे आहेत?" थोरलीने विचारलं.

थोरली नऊ वर्षांची. एखाद्या वकिलाच्या घरी जायची ती पत्ता चुकून इथे आली, असं तिची आई म्हणे. तिचा मुद्दा बिनतोड होता. गालिच्यावर दोनच मेंढरं होती.

दुसऱ्या कुणी सांगितलं असतं, समजा शंभर आहेत. पण अठरा वर्षं ज्याने एकेक हातमोजा मोजला, तो माणूस समजेल कसा? त्यांनी घर पालथं घातलं. कपड्यांचे चिमटे छत्तीस. बुद्धिबळाच्या सोंगट्या बत्तीस. चमचे बारा. बटणं अठरा. झाली अठ्ठ्याण्णव. थोरली नव्याण्णवावी आणि कळपाची मुख्य. तिच्या कानांना कापूस चिकटवला. धाकटा शंभरावा, म्हणजे चुकणारा. त्याने कापूस लावून घ्यायला नकार दिला. हरवायचं असेल तर दिसून कसं चालेल, हा त्याचा सवाल होता आणि तोही बिनतोड होता. घरात सगळेच बिनतोड; तुटायचे ते एकटे मुख्य कारकून.

मग त्यांनी कार्यालयाच्या कागदावर नियम लिहिले आणि मोठ्याने वाचले.

*एक. चुकलेल्या मेंढराने चुकायचं. एवढंच.*

*दोन. मेंढराने ओ द्यायची नाही, हसायचं नाही, शिंकायचं नाही. शोधणं मेंढपाळाचं काम. मेंढराला काहीच करावं लागत नाही, हाच गोष्टीचा मुद्दा आहे.*

*तीन. बाकी नव्याण्णवांनी जागेवरून हलायचं नाही आणि बोलायचं नाही. मेंढरं बोलत नाहीत.*

धाकट्याने दोन नंबरचा नियम पुन्हा वाचायला लावला. मग विचारलं, "म्हणजे मी कितीही वेळ बसू?"

"कितीही. मेंढपाळ येतोच."

"दमला तरी?"

"दमत नाही."

पोराने बापाकडे असं बघितलं, की बापाला उगाच खोकला आला. एवढा विश्वास त्यांच्यावर त्यांच्या साहेबांनीही कधी टाकला नव्हता.

तीन वाजून वीस मिनिटांनी मुख्य कारकून स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि शंभरपर्यंत मोजू लागले. मनात हिशेब असा, की शोधायला चार मिनिटं, प्रार्थनेला दोन, मग बिस्किटं. पोर लपून लपून लपणार कुठे? पडद्याच्या मागे.

*

जिथे शोधलं:

पडद्याच्या मागे. दुसऱ्या पडद्याच्या मागे. पलंगाखाली. कपाटात. कपाटावर. धुलाई यंत्रात (हात घालून, मग डोकं घालून, मग डोकं बाहेर काढायला थोडा वेळ). बादलीत, जी कोणत्याही माणसाच्या मानाने लहान होती. फ्रिजच्या मागे. बाल्कनीत. गुंडाळलेल्या चटईत. पुन्हा पहिल्या पडद्याच्या मागे, कारण माणसाचा स्वभाव.

जे सापडलं:

बायकोच्या कानातलं एक. कात्री. वाचनालयाचं पुस्तक, दंड आकाराने पुस्तकाहून मोठा झालेलं. स्टेपलर. गेल्या वर्षीचा चष्मा. असे एकूण अकरा नग. आणि सवयीचा गुलाम तो सवयीचा गुलाम. मुख्य कारकुनांनी प्रत्येकाला चिठ्ठी बांधली आणि तारीख घातली. त्यात सोळा मिनिटं गेली. काम मात्र सुरेख झालं.

जिथे शोधलं नाही:

बाहेरच्या खोलीतला सोफा. या सोफ्याच्या पोटात अंथरुणं ठेवायची पेटी आहे, तिला बाजूने छोटं दार आहे, आणि सोफ्याला पाठ लावून गालिच्यावर नव्याण्णव मेंढरं बसली होती. मुख्य कारकुनांनी ती खोली नकाशातून वगळलीच. कळप आहे तिथे चुकलेलं मेंढरू कसं असेल? कळपात असतं तर ते चुकलेलं नसतं. तर्क बघा केवढा शुद्ध!

सोफ्यापुढे थोरली पुस्तक वाचत होती. कानाला कापूस, तोंडाला कुलूप. बाप तिच्यावरून उडी मारून तीनदा गेला.

*

चार वाजायला दहा मिनिटं असताना त्यांनी पहिल्यांदा हाक मारली. सहज, हसत. म्हणाले, खेळ संपला, ये बाहेर. कुणी आलं नाही. मग म्हणाले, मेंढपाळ हरला. मग म्हणाले, बिस्किटं. मग म्हणाले, क्रीमची बिस्किटं.



ते पोर, पुढे कळलं ते असं, अंथरुणात पाय पसरून ऐकत होतं आणि त्याला पक्कं ठाऊक होतं, की ही परीक्षा आहे. दोन नंबरचा नियम. ओ द्यायची नाही. क्रीमच्या बिस्किटांना सुद्धा. त्या वेळी त्याच्या इतकी निष्ठा अख्ख्या चर्चमध्ये दुसऱ्या कुणाची नसेल.

आणि मग मुख्य कारकुनांना दिसलं, की घराचं दार उघडं आहे.

ते दार त्यांनीच उघडं टाकलं होतं. बाहेरचं चपलांचं कपाट तपासायला गेले होते, वीस मिनिटांपूर्वी. पण घाबरलेल्या माणसाला स्वतःचा हात आठवत नाही. त्यांना एवढंच दिसलं, की दार उघडं, जिना रिकामा, खाली रस्ता, रस्त्यावर गाड्या.

पायात हाताला लागेल ते घातलं आणि ते तीन मजले उतरले. उतरले म्हणजे, अधल्यामधल्या काही पायऱ्यांना पाय लागले.

*

तळमजल्यावर बँडमास्तर राहायचे. नवेच आले होते. निवृत्त. चाळीस वर्षं त्यांनी माणसं रांगेत चालवली होती, आणि निवृत्तीनंतर रांगेत चालणारं कुणी उरलं नव्हतं. आल्यापासून आठ दिवस ते खिडकीत बसून वाट बघत होते, की कुणावर तरी काहीतरी संकट यावं.

मूल हरवलंय म्हणताच ते उठले. उठताना त्यांच्या गळ्यात शिट्टी होती. ती बहुधा झोपेतही असावी. त्यांनी वही काढली, पेन्सिल जिभेला लावली आणि विचारलं, "वर्णन?"

मुख्य कारकुनांच्या आयुष्यात हा शब्द पहिल्यांदाच पलीकडच्या बाजूने आला.

हरवलेली व्यक्ती: मुलगा.

संख्या: एक. (बँडमास्तरांनी हे विचारलं नव्हतं.)

उंची: कमरेएवढी. "कुणाच्या कमरेएवढी?" माहीत नाही. कमरेएवढी.

ओळखीची खूण:

ओळखीची खूण:

कपडे:

मुख्य कारकुनांनी डोळे मिटून सकाळ आठवायचा प्रयत्न केला. सकाळी मुलगा समोरच बसला होता. दूध पीत होता. काहीतरी सांगत होता, बराच वेळ सांगत होता, मुंगीबद्दल किंवा विमानाबद्दल. पण त्यांच्या डोळ्यांपुढे आलं ते वर्तमानपत्र. ते अगदी लख्ख आलं. तिसऱ्या रकान्यात हवामान, खाली टायरची जाहिरात. त्या पानाच्या मागून दोन छोटे हात येऊन बिस्किट घेऊन गेले, एवढं आठवलं. हातांच्या वर बाही होती. बाहीला रंग असणार. सगळ्या बाह्यांना असतो.

"शर्ट कोणता?" बँडमास्तरांनी पुन्हा विचारलं.

फॉर्ममधली जागा रिकामी सोडायची नाही, हा नियम कार्यालयात कुणी आणला होता? यांनीच.

"निळा," मुख्य कारकून म्हणाले.

का निळा? मुलांचे असतात, म्हणून. अठरा वर्षं शेकडो माणसं त्यांच्यासमोर अशीच उभी राहिली होती, आणि आता त्यांना कळलं, की ती माणसं निष्काळजी नव्हती. त्यांनी ती छत्री रोज नुसती हातात धरली होती. हातात असलेल्या गोष्टीकडे कोण बघतं?

जिन्याच्या कठड्याला धरून त्यांनी प्रार्थना केली. दुसरी भाषा येत नसल्यामुळे ती अशी झाली: प्रभू, खालील वर्णनाचं मूल. इथे ते थांबले. खाली वर्णनच नव्हतं. मग म्हणाले, वर्णन तुझ्याकडे आहेच.

*

पुढच्या पंधरा मिनिटांत बँडमास्तरांनी बावीस माणसं गोळा केली आणि ती बावीस माणसं चार रांगांत उभी केली. माळी, वरच्या मजल्यावरच्या दोन शिक्षिका, गॅस पोचवायला आलेला माणूस, त्याच्या मागे उभी असलेली आणि कशासाठी उभी आहे हे माहीत नसलेली एक बाई. पहिली रांग बागेत, दुसरी गच्चीवर, तिसरी (सगळी बाहेरची माणसं) गाड्या लावायच्या जागेत, चौथी फाटकाशी. एक शिट्टी म्हणजे थांबा, दोन म्हणजे पुढे, तीन म्हणजे सापडला.

निळा शर्ट, ही बातमी पहिल्या रांगेतून निघाली. दुसऱ्या रांगेपर्यंत तिला निळी टोपी आली. फाटकाशी पोचेपर्यंत एक निळी गाडी आली आणि त्या गाडीत एक दाढीवाला बसला.

पावणेपाचपर्यंत तीनदा तीन शिट्ट्या झाल्या. तिन्ही वेळा मुख्य कारकून ऊर फुटेस्तोवर धावले. पहिला निळा शर्ट चौदा वर्षांचा होता आणि त्याला मिसरूड फुटत होतं. दुसरा मुलगी होती. तिसरा खरोखरच पाच वर्षांचा होता, पण तो दुसऱ्याच कुणाचा तरी होता आणि भोकाड पसरून तेच सांगत होता. बँडमास्तरांनी तिघांना भिंतीशी उंचीप्रमाणे उभं केलं होतं. थोड्या वेळाने तिघांचे आईबाप आले. ते काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. बरंचसं मुख्य कारकुनांना उद्देशून होतं, आणि त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही. कुणीही काहीही बोला. माझा कुठाय?

एरवी नाकावर माशी बसू न देणारा हा गृहस्थ त्या वेळी येणाऱ्या-जाणाऱ्याला हात जोडत होता. केस विस्कटलेले, शर्ट बाहेर. एक शिक्षिका त्यांना पाणी देत म्हणाली, की सापडेल, काळजी करू नका. त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "पण कसं?" हा प्रश्न त्यांनी जन्मात कुणाला विचारला नव्हता.

पाच वाजता फाटकातून बायको आली.

*

तिने रांगा बघितल्या. भिंतीशी निळं प्रदर्शन बघितलं. नवऱ्याला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. मग सगळं ऐकून घेतलं, मेंढरांसकट. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज जागेवर होता. तिने एकच विचारलं.

"थोरलीला विचारलंत?"

मुख्य कारकून म्हणाले, "ती नव्याण्णव आहे."

बायको रोज काचेवर माणसांची हाडं धरून बघते, तशी तिने नवऱ्याच्या कपाळाकडे बघितलं, आत काही आहे का म्हणून, आणि जिना चढू लागली.

थोरली होती तिथेच होती. पुस्तक संपवून तिने ते पुन्हा पहिल्यापासून काढलं होतं. एका कानाचा कापूस गळून पडला होता, पण तो उचलायला हलावं लागलं असतं.

"तो कुठे आहे?" बापाने विचारलं.

थोरलीने नुसतं बापाकडे बघितलं. मग नियमांच्या कागदाकडे बघितलं.

"बोल," आई म्हणाली. "मेंढरांना परवानगी आहे."

"सोफ्यात," थोरली म्हणाली. "म्हणजे होता."

बाप सोफ्याच्या दारावर तुटून पडला. पेटीत एक उशी होती, मध्ये खळगा पडलेली. हात लावला तर गार. शेजारी बिस्किटाचा चुरा.

"काखेत कळसा," बायको म्हणाली, आणि पुढचं गिळलं.

थोरलीने मग सगळं रीतसर सांगितलं. पप्पा खाली गेले, घर गप्प झालं, तेव्हा तो शू करायला बाहेर आला. मग त्याने खिडकीतून बघितलं. खाली खूप माणसं होती आणि ती कुणाला तरी शोधत होती. मग तो खाली गेला.

"तू अडवलं नाहीस?"

"जागेवरून हलायचं नाही," थोरली म्हणाली. "आणि विचारायला कुणी आलंच नाही. तुम्ही माझ्यावरून उड्या मारत होता."

यावर बोलण्यासारखं फार होतं, पण आईने वेळ घालवला नाही. तिने विचारलं, की त्याने घातलंय काय. थोरली म्हणाली, पिवळा शर्ट, कोपरावर ठिगळवाला; सकाळी मीच घातला.

पिवळा.

गालिच्यावर एक चिमटा कलंडला. बावीस माणसं. चार रांगा. आणि ती सगळी तासभर निळं शोधत होती, कारण मुख्य कारकुनांना एक जागा रिकामी सोडवली नाही.

ते बाल्कनीत गेले. खाली सगळी इमारत उभी होती, ओळखीचे, बिनओळखीचे, तीन निळ्यांचे सहा आईबाप. हरवले-सापडले कार्यालयाच्या अठरा वर्षांच्या कारकिर्दीत मुख्य कारकुनांनी कधी चुकीची नोंद केली नव्हती. निदान कधी कबूल केली नव्हती. त्यांनी कठडा धरला आणि बेंबीच्या देठापासून ओरडले.

"निळा नाही! पिवळा! माझी चूक झाली, मला माहीत नव्हतं, मी बघितलंच नव्हतं!"

बावीस माना वर झाल्या. बँडमास्तरांनी वही उघडली, निळा खोडलं, पिवळा लिहिलं, आणि मग पेन्सिल हवेतच ठेवून वर बघितलं.

"पिवळा?" ते म्हणाले. "पिवळा तर आपल्या तिसऱ्या रांगेत आहे. सगळ्यात चांगलं काम त्याचंच. गाड्यांखालचा भाग मी त्याच्याकडे दिलाय."

*

गाड्या लावायच्या जागेत एका जुन्या पांढऱ्या गाडीखालून दोन पाय बाहेर आले होते. मुख्य कारकून त्या पायांशी जाऊन धपकन बसले. गाडीखालून आवाज आला, जरा सरका, तुमच्यामुळे उजेड येत नाही.

मग धाकटा सरपटत बाहेर आला. तोंडाला काळं, गुडघ्याला काळं, आणि चेहऱ्यावर कामात असलेल्या माणसाची घाई.

"पप्पा, एक मुलगा हरवलाय," तो म्हणाला. "निळ्या शर्टाचा. तुम्ही तिकडून बघा, मी इकडून बघतो."

पप्पांनी त्याला उचलून असं आवळलं, की पोराचा श्वास अडकला. त्यांना रडू येत होतं, ते त्यांनी शिंकेत घातलं. धाकटा हातपाय झाडत होता. आत्ता नाही पप्पा, म्हणत होता. तो अजून सापडलेला नाही, आणि त्याचे पप्पा घाबरलेत, मी मघाशी ऐकलं.

"तो मुलगा तूच आहेस," मुख्य कारकून म्हणाले.

धाकट्याने खाली स्वतःकडे बघितलं. मग बापाकडे, जरा कीव करत.

"माझा पिवळा आहे."

"हो. मी चुकून निळा सांगितला."

"का?"

का, याचं उत्तर त्यांनी शोधलं. सापडलं ते फार छोटं होतं. "मी बघितलं नव्हतं."

धाकट्याने यावर विचार केला. राग त्याला आलेला दिसला नाही. एखादी अवघड गणिताची चूक समजून घ्यावी तसा तो थोडा वेळ उभा राहिला. मग दोन पावलं मागे सरकला, हात दोन्ही बाजूंना पसरले आणि म्हणाला, "मग आता बघा."

आणि तो हळूहळू स्वतःभोवती फिरला, शिंप्याच्या दुकानात फिरावं तसा.

मुख्य कारकुनांनी बघितलं. पिवळा शर्ट, खांद्यावर विटलेला. डाव्या कोपरावर ठिगळ, तेही पिवळं, पण वेगळं पिवळं. बटणं एक घर चुकून लावलेली, त्यामुळे मुलगा थोडा तिरका दिसत होता. भुवईत एक जुना व्रण. तो कधी झाला? पुढचा दात हलत असावा, कारण जीभ सारखी तिथे जात होती. डाव्या कानाच्या मागे तीळ. पाच वर्षं हा तीळ यांच्याच घरात राहत होता. ते बघतच राहिले. मागून बायको आणि थोरली येऊन उभ्या राहिल्या तरी त्यांना कळलं नाही.

"आता डोळे मिटा," धाकटा म्हणाला. त्याला खात्री करून घ्यायची होती. "शर्ट?"

"पिवळा."

"ठिगळ?"

"डाव्या कोपरावर."

"बटणं?"

"एक घर चुकलेली."

"पायात काय आहे?"

मुख्य कारकून थांबले. गुडघ्यांपर्यंत पोचले होते ते. पण जागा रिकामी सोडायची म्हणजे...

"तुझे बूट," ते म्हणाले.

"तुमचे बूट," धाकटा म्हणाला.

त्यांनी डोळे उघडले. पोराच्या पायात त्यांचेच कार्यालयाचे काळे बूट होते, नाड्या गटारातून ओढून आणलेल्या. इतका वेळ तो ते फरफटत इमारतभर शोधत होता. मुख्य कारकुनांनी मग स्वतःच्या पायांकडे बघितलं. अनवाणी. निघताना काहीतरी घातलं होतं, एवढं नक्की. धावपळीत कुठेतरी पडलं असणार.

"तुमच्या चपला हरवल्या?" धाकट्याने विचारलं. त्याचे डोळे चमकले. तो आता अनुभवी माणूस होता. "मी शोधतो. कसल्या होत्या?"

"काळ्या," मुख्य कारकून ठामपणे म्हणाले.

"गुलाबी," मागून बायको म्हणाली. "आणि माझ्या."